राजपत्र सरकारनेच वाचावे

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पहिल्या दोन नामांतरांना केंद्र सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत संमती दिली. तिसरे २०२४ साली अमलात आले. या नामांतरांच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ती एवढीच गोष्ट, की आपण पूर्वीचेच शहर आहोत हे सिद्ध करण्यासाठी यांपैकी एकाही शहराला प्रतिज्ञापत्र करावे लागले नाही. जुन्या नावाची खरेदीखते, जुन्या नावाचे जन्मदाखले, जुन्या नावाचे शिक्के उमटलेले उतारे सारे वैध राहिले. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले. पण उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात बॉम्बे आजही नांदते आहे, आणि त्यामुळे त्याच्या निकालांच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी काय सोसले हे महाराष्ट्र विसरलेला नाही. नाव ही क्षुल्लक बाब आहे असे म्हणण्याची सोय त्यामुळे या राज्यात तरी कोणाला उरलेली नाही. त्या विद्यापीठाच्या जुन्या पदव्याही नामविस्ताराने बाद झाल्या नाहीत, आणि तेच योग्य होते.

ही उदारता नागरिकाच्या वाट्याला मात्र येत नाही. एखाद्या कामगाराने, एखाद्या बाईने रीतसर नाव बदलले, की त्या दिवसापासून सरकारच्या लेखी ती व्यक्ती संशयित ठरते. आधी प्रतिज्ञापत्र करायचे. मग शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करून शुल्क भरायचे. यथावकाश महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात, ज्याला लोक सरळ गॅझेट म्हणतात त्यात, जुने आणि नवे नाव छापून येते. सामान्य माणसाची समजूत असते, की येथे काम संपले. वस्तुतः येथे ते सुरू होते. आधारसाठी नोंदणी केंद्र, पॅनसाठी निराळा अर्ज, मतदार यादीसाठी नमुना ८, शिधापत्रिकेसाठी तहसीलचा पुरवठा विभाग, सातबाऱ्यासाठी तलाठी, भविष्य निर्वाह निधीसाठी मालक, आणि बँकेसाठी पुन्हा बँक. प्रत्येक दारात तेच राजपत्र, त्याच्या त्याच साक्षांकित प्रती, तेच जुने ओळखपत्र. एका कचेरीला दुसऱ्या कचेरीचा नव्या नावाचा कागद हवा असतो आणि त्या दुसऱ्या कचेरीला पहिलीचा. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा असा प्रत्येक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते, हे ज्यांचे पगार महिन्याच्या महिन्याला होतात त्यांच्या लक्षात येत नाही.

यातील लुबाडणुकीचा एक नमुना नमूद केलाच पाहिजे. सरकारी कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले. तरी तहसील कचेरीच्या आवारात गरिबाला मुद्रांकाशिवाय प्रतिज्ञापत्र करून देणारा विरळाच. माफीचा आदेश सरकारच्या फाइलीत आहे आणि मुद्रांक झाडाखालच्या टेबलावर आहे; अर्जदाराची गाठ पडते ती टेबलाशी.

नाव बदलणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या स्त्रियांची आहे, हे सांगायला आकडेवारी नको. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा या देशात नाही. रूढी मात्र आहे, आणि महाराष्ट्रात ती अधिकच कठोर आहे. बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव जाते, आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे स्वतःचे नावही पुसले जाते. शाळेचा दाखला एका नावाचा, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची, मतदार यादीत सखू, बँकेत सखुबाई, आणि आधारवर केंद्रातल्या मुलाने टंकले असेल ते. घरातल्या माणसांनी व सरकारी कारकुनांनी मिळून एका बाईची चार नावे करायची, आणि ती एकच असल्याचा पुरावा मात्र तिने एकटीने गोळा करायचा, असा हा न्याय आहे. त्यात २०१९ पासून आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येईल असा दंडक घालण्यात आला. एकदा लग्नानंतर, एकदा कारकुनाची चूक सुधारण्यासाठी, आणि मर्यादा संपली. पुढे ती विधवा झाली, तिने पुनर्विवाह केला, किंवा नवऱ्याने टाकल्यावर तिला आपले मूळ नाव परत घ्यावेसे वाटले, तर तिने आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे खास परवानगी मागायची. गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या बाईने त्या कार्यालयाच्या होकाराची वाट पाहत बसायची, असाच याचा व्यवहारातला अर्थ होतो.

मूळ नावाकडे परतणाऱ्या स्त्रीविषयी सरकारची दृष्टी काय आहे, हे २०२४ च्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयात आलेल्या एका याचिकेने उघड केले. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने घातलेल्या अटीनुसार विवाहितेला माहेरचे नाव पुन्हा लावायचे असेल तर तिने घटस्फोटाचा हुकूमनामा तरी आणावा, नाही तर नवऱ्याचे ना-हरकत पत्र तरी! प्रौढ नागरिकाने स्वतःचे नाव वापरावे की नाही यावर दुसऱ्या नागरिकाची हरकत विचारायची, ही कल्पना संविधानाच्या कोणत्या कलमात बसते? त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक केले. निर्णय स्वागतार्ह होता. पण विवाहितेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव व आडनाव ही प्रथा त्याच निर्णयाने कायम ठेवली. आई म्हणून जिचे नाव कागदावर आले, तिने पत्नी म्हणून मात्र नवऱ्याच्याच नावाने ओळखले जावे असा त्याचा अर्थ. २०२४ सालीच सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसीची सक्ती करताना पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांची यात काय धावपळ झाली, ती वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाहिली आहे. याउलट डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्रासाठी विवाह प्रमाणपत्राची अट काढून टाकली आणि घटस्फोटित व विभक्त अर्जदारांना जोडीदाराचे नाव देण्याच्या बंधनातून मुक्त केले. म्हणजे नियम सुटसुटीत करणे सरकारला जमत नाही असे नाही. विमानतळावर जाणाऱ्यांसाठी ते जमते.

कामगारांच्या बाबतीत हाच प्रश्न भविष्य निर्वाह निधीच्या दारात उभा राहतो. कारखान्याच्या टाइमकीपरने तीस वर्षांपूर्वी कामगाराचे नाव ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिले. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येते. यशवंत, विठ्ठल, लक्ष्मण यांचीही तीच गत. वडिलांचे नाव कोठे मध्ये, कोठे शेवटी, कोठे नुसते आद्याक्षर. आयुष्यभर वेतनातून कपात होत असताना या नावाविषयी कोणालाही संशय आला नाही. पैसे परत मागण्याची वेळ येताच यंत्राला कळले, की हे दोन वेगवेगळे इसम आहेत. जानेवारी २०२५ मध्ये निधी संघटनेने नियम सैल केले, हे मान्य केले पाहिजे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी वा त्यानंतर ज्यांना सार्वत्रिक खाते क्रमांक मिळाला आणि ज्यांचा आधार पडताळलेला आहे, त्यांना नावाची दुरुस्ती स्वतः करता येऊ लागली. त्यापूर्वीच्या सभासदांना मात्र मालकाची वाट मोकळी ठेवली गेली. म्हणजे ज्यांचा निधी मोठा आहे, ज्यांची निवृत्ती जवळ आहे, ज्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तेच जुने कामगार जुन्या जाचात राहिले. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. कामगार वारला असेल तर वारस पुढे येतात, आणि वारस जर विवाहित मुलगी असेल, तर बापाच्या तिकीट नंबरापासून स्वतःच्या आजच्या नावापर्यंतचा सारा पूल तिनेच कागदांनी बांधायचा असतो.

जातीची खूण पुसण्यासाठी ज्यांनी आडनाव बदलले, त्यांची कथा याहून विदारक आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आणि पुढेही शिकलेल्या तरुणांनी जात सांगणारी, कोणी तरी कुचेष्टेने चिकटवलेली आडनावे टाकून दिली. आत्मसन्मानाची ही कृती नातवंडांना जातवैधता समितीपुढे महागात पडते. आजोबांचे आडनाव निराळे, बापाचे निराळे, मुलाचे निराळे. रक्तसंबंध सिद्ध करा! डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. वस्तीने जातीचे नाव टाकले तर शासन त्याला सामाजिक सुधारणा म्हणते. माणसाने टाकले तर त्याच्याच मागे चौकशी लागते.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या प्रकरणात निःसंदिग्ध निर्वाळा दिला, की स्वतःच्या नावावरील अधिकार हा संविधानाच्या १९ (१) (अ) या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. शासनाने त्यावर वाजवी अटी घालाव्यात, राजपत्रातील प्रसिद्धी मागावी, प्रमाणपत्रावर जुन्या नावाची टीप ठेवावी, पण दार बंद करू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. गोव्याने १९९० सालीच नाव व आडनाव बदलण्याविषयी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात आहे ती प्रशासकीय प्रथा, आणि प्रथेचे दुखणे असे, की ती प्रत्येक कचेरीची वेगळी असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नोंदीतील चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. पण विचारपूर्वक बदललेले नाव ही चूक नव्हे, सबब निबंधक हात वर करतो. त्या कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने पुढील पिढीसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा मूळ पुरावा ठरवला. जो कागद सर्वांत महत्त्वाचा केला, तोच नावबदलाला सर्वांत बंद ठेवला.

या साऱ्याकडे दप्तरदिरंगाईचा एक जुना प्रकार म्हणून पाहून चालणार नाही. नोंदींमधील नावांचा मेळ ही आता हक्काची अट होऊन बसली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा ज्याच्यापाशी कोणताच कागद नाही त्याला ओळख मिळावी अशी भाषा होती. पुढे पॅन आधारशी जोडण्याची सक्ती आली. ३० जून २०२३ ची मुदत घालून विलंबासाठी १००० रुपये घेण्यात आले आणि दोन कागदांवरील नावे जुळली नाहीत म्हणून जोडणी अडलेल्यांचे पॅन निष्क्रिय झाले. आणि मेळ न जमल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे आसामने दाखवून दिले आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि १९,०६,६५७ माणसे तिच्या बाहेर राहिली. नावाच्या लेखनातील फरक आणि लग्नानंतर बदललेले नाव या कारणांनी कित्येकांचे वाडवडिलांशी असलेले नाते कागदावर जुळेना. शाळेत न गेलेल्या, बालवयात लग्न होऊन गाव सोडलेल्या स्त्रियांपाशी बापाशी नाते सांगणारा पंचायतीचा दाखला तेवढा होता. तो ग्राह्य धरावा की नाही हे ठरवण्यासाठी प्रकरण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. एका अक्षराच्या फरकाने शिधा अडतो तेथपासून नागरिकत्व अडते तेथपर्यंतचा हा रस्ता आहे.

सरकारी बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कर्ज बुडवणारे, फौजदारी गुन्ह्यांतून निसटू पाहणारे लोक नाव बदलतात. तेव्हा पडताळणी नको काय? अवश्य हवी. परंतु राजपत्रातील प्रसिद्धी ही नेमकी तीच पडताळणी आहे. जुने नाव लपवण्यासाठी कोणी ते सरकारी पत्रात छापून घेत नाही. शिवाय नाव बदलले तरी आधारचा क्रमांक बदलत नाही, पॅनचा क्रमांक बदलत नाही, बोटांचे ठसे तर बदलतच नाहीत. माणूस तोच आहे हे सरकारला पूर्ण ठाऊक असते. अपात्र लाभार्थी हुडकून काढायचे असतात तेव्हा सगळ्या नोंदवह्या एका रात्रीत एकमेकींशी बोलू लागतात. नागरिकाचे काम असते तेव्हा त्या मुक्या होतात.

दुसरा आक्षेप चळवळीतल्याच लोकांकडून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. सर्व नोंदवह्या जोडून द्या अशी मागणी करणे म्हणजे पाळतीचे साधन आपल्याच हातांनी सरकारला देणे नव्हे काय? म्हणूनच मागणी नोंदवह्या एकत्र करण्याची नसावी. राजपत्राच्या अर्जातच नागरिकाने कोणकोणत्या कार्यालयांना बदल कळवावा हे निवडावे, आणि तेवढ्याच कार्यालयांना ते कळवण्याची व त्यांनी ठराविक दिवसांत नोंद बदलण्याची जबाबदारी शासनावर असावी. अर्जदाराने नोंदवलेली संमती तेवढ्याच कामापुरती. ही कल्पना नवी नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला, २०१९ साली कायदा झाला, आणि २०२० च्या नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दाखवल्यावर संबंधित कार्यालयाने अर्जापासून पंधरा दिवसांत नाव बदलून द्यावे असे बंधन घालण्यात आले. अंमलबजावणीची रड वेगळी. पण मुदत कार्यालयावर असते हे तत्त्व त्यात मान्य झाले. राज्यापुरते बोलायचे तर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम हाताशी आहे. त्यात विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. शिधापत्रिका, सातबारा, शाळेचा दाखला यांतील नावबदल त्या कायद्याखाली ठराविक मुदतीत आणणे हे मुंबईतच ठरवता येण्यासारखे आहे. त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आधार, पॅन व भविष्य निर्वाह निधी या केंद्राच्या बाबी. तेथे दोनदाच नाव बदलण्याची मर्यादा राजपत्र असलेल्यांपुरती रद्द व्हावी, विवाहितेला मागितले जाणारे ना-हरकत पत्र कायमचे जावे, आणि बंद कारखान्यांच्या कामगारांना मालकाच्या सहीतून मोकळे करावे, एवढे तरी खासदारांनी लावून धरले पाहिजे. आणखी एक गोष्ट: सासरच्या किंवा घरच्या छळातून सुटून आलेली बाई, घराने हाकलून दिलेला तृतीयपंथी, यांची जुनी-नवी नावे कोणालाही शोधता येतील अशा रीतीने छापली जातात. अशांना दंडाधिकाऱ्यापुढे गोपनीय नोंदीचा पर्याय असलाच पाहिजे.

हे सारे होईपर्यंत शाखांनी थांबून राहण्याचे कारण नाही. वस्तीतल्या मदत केंद्रावर येणाऱ्या नवविवाहितेला प्रथम हे सांगावे, की नाव न बदलण्याचा तिला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी कोणताही अर्ज लागत नाही. ज्यांना बदलायचेच आहे त्यांचे राजपत्र आधी करून घ्यावे, नंतर आधार, मग बाकीचे. जुन्या नावाचा एकही मूळ कागद कोणाच्या स्वाधीन करू नये आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक मागणाऱ्याला २००४ च्या माफीची प्रत दाखवावी. कामगार संघटनांनी आपल्या सभासदांची भविष्य निर्वाह निधीतील नावे आधारशी ताडून पाहण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे, आणि त्यात २०१७ पूर्वीच्या सभासदांपासून आरंभ करावा. दुरुस्तीच्या अर्जावर सही करणारा मालक अजून जागेवर आहे तोवर ती करून घेतलेली बरी.